‘काय फरक पडतो’ म्हणणारी माणसं

शुक्रवार दुपार झाली की आमच्या टीमच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच, "फुल बर्नआउट झालंय यार", आणि खाली बाकीच्यांचे हसरे इमोजी. मला त्या मेसेजची फारशी काळजी वाटत नाही. जो माणूस इतक्या जोरात कुरकुर करतो त्याला कामाबद्दल अजून काहीतरी वाटतंय, निदान राग तरी येतोय, दोन दिवस झोपून उठला की सोमवारी परत भांडायला हजर असतो. काळजी वाटते ती त्या ग्रुपवर महिनोन्महिने काहीच न लिहिणाऱ्याची, जो आधी प्रत्येक मीटिंगमध्ये "पण हे असं का करतोय आपण" म्हणून वाद घालायचा आणि हल्ली "चालेल, तुम्ही म्हणाल तसं" म्हणून कॉल कट करतो. टीम सांभाळताना जी माणसं खरंच कोलमडताना बघितली त्यातल्या फार थोड्यांनी "मी थकलोय" असं म्हटलं होतं. बाकीच्यांचं पालुपद एकच, काय फरक पडतो.

हे लिहायचं कारण म्हणजे बर्नआउटवर जे काही फॉरवर्ड होत असतं त्यात नव्वद टक्के थकव्याबद्दलच असतं, झोप घ्या, पाणी प्या, सुट्टी काढा, श्वासाचे व्यायाम करा. थकवा असतोच, नाही कोण म्हणतंय, पण नुसत्या थकव्यावरून ओळखायला गेलं की दोन्हीकडून फसायला होतं, ज्याला फक्त चार दिवस झोप हवीय तो स्वतःला बर्नआउट समजून घाबरतो आणि ज्याचं आतून खरंच काहीतरी विझत चाललंय तो "मला काय धाड भरलीय, झोप होते की माझी" म्हणून तसाच रेटत राहतो.

या प्रकाराबद्दल पहिल्यांदा नीट लिहिलं ते हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, न्यूयॉर्कमध्ये. लहानपणी नाझींच्या जर्मनीतून निसटून आलेला माणूस, आणि कामाला वाघ. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस, ती संपली की रात्री एका मोफत क्लिनिकमध्ये, जिथे व्यसनात अडकलेली तरुण मुलं यायची. तिथे काम करणारे बरेचसे स्वयंसेवक, म्हणजे पगारासाठी आलेले नव्हेतच, मनापासून आलेले. आणि त्याच्या लक्षात आलं की हीच मनापासून आलेली माणसं काही काळाने चिडचिडी होतात, लगेच रडायला येतं, कोणाचं ऐकून घेत नाहीत, सर्दी एकदा झाली की हटत नाही, डोकं दुखतं, पोट बिघडतं. १९७४ मध्ये त्याने यावर लेख लिहिला. त्यातलं एक निरीक्षण मला अजूनही सगळ्यात खरं वाटतं, की असा माणूस कामाच्या जागी जास्त जास्त वेळ घालवायला लागतो आणि काम मात्र कमी कमी होत जातं. रात्री साडेनऊला ऑफिसात बसलेला माणूस बघून ज्यांना तो "डेडिकेटेड" वाटतो त्या सगळ्यांना हे वाक्य फ्रेम करून द्यायला हवं.

त्याचं स्वतःचंही तेच झालं होतं. घरच्यांबरोबर सुट्टीला निघायचं ठरलेलं, आणि ऐन दिवशी पठ्ठ्याला अंथरुणातून उठता येईना. मग त्याने काय केलं तर टेप रेकॉर्डर घेतला, मनातलं सगळं त्यात बोलला आणि एखाद्या पेशंटचं ऐकावं तसं स्वतःचं परत ऐकलं. हा उद्योग आज कोणालाही फोनवर करता येईल आणि माझ्या मते कुठल्याही ऑनलाइन टेस्टपेक्षा उपयोगाचा आहे. दोन मिनिटं आपल्या कामाबद्दल बोलायचं, मग दोन-तीन दिवसांनी ऐकायचं. आपण कंटाळलेलो आहोत, रागावलेलो आहोत का अगदीच कोरडे झालोय हे शब्दांपेक्षा आवाजात जास्त कळतं.

त्याच सुमारास क्रिस्टिना मास्लाक कॅलिफोर्नियात डॉक्टर, नर्स, समाजसेवक अशा माणसांशी बोलत होत्या, ज्यांचं काम दिवसभर दुसऱ्यांची दुखणी ऐकायचं. त्यातून त्यांनी आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये एक प्रश्नावली काढली, आजही संशोधनात सगळ्यात जास्त तीच वापरतात. त्यात तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. एक, पार पिळून निघालोय अशी दमणूक. दोन, कामाबद्दल आणि कामात भेटणाऱ्या माणसांबद्दल आलेला तुसडेपणा, म्हणजे समोरचा माणूस न दिसता फक्त केस नंबर, तिकीट नंबर दिसायला लागतो. तीन, आपल्या हातून काही धड होत नाही, आपण केलं काय न केलं काय सारखंच, ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये जी नवी आजारांची यादी मंजूर केली, जी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही बर्नआउटचं वर्णन याच तिघांचं आहे, आणि तिथे स्पष्ट म्हटलंय की हा आजार म्हणून धरलेला नाही, कामाच्या जागी दीर्घकाळ चाललेला ताण नीट हाताळला न गेल्यामुळे उद्भवणारी ही गोष्ट आहे. आयुष्यातल्या बाकीच्या ताणांना हा शब्द लावू नये असंही त्यात आहे. काही लोकांना हे आवडत नाही, घरात आजारी माणसाचं करणाऱ्यांचं काय मग, त्यांचा मुद्दा बरोबरच आहे, पण मला ही व्याख्या एका कारणासाठी आवडते. ती बोट माणसाकडे न दाखवता कामाकडे दाखवते.

आता दुसऱ्या गोष्टीबद्दल, तुसडेपणाबद्दल, मला जरा जास्त बोलायचंय.

२०१६ मध्ये मायकल लायटर आणि मास्लाक यांनी लोकांचे या तिन्ही बाबतीतले आकडे एकत्र बघितले आणि त्यात वेगवेगळे गट पडले. काही लोक फक्त दमलेले होते, तुसडे नव्हते. काही लोक दमलेले नव्हते पण कामापासून मनाने तुटलेले होते. आणि या दोघांत कामाच्या जागेबद्दल जास्त वाईट मत कोणाचं होतं, तर तुटलेल्यांचं. म्हणजे नुसता दमलेला माणूस हा बऱ्याचदा खूप काम असलेला माणूस असतो, त्याचं काम कमी केलं की तो जागेवर येतो. तुटलेला माणूस काम कमी केलं तरी जागेवर येत नाही, कारण त्याचं बिनसलंय ते कामाच्या ढिगाशी नाहीच.

आणि हे तुटणं गुपचूप होतं. सुरुवातीला ते उपयोगीच पडतं हो, हेच तर त्याचं कपट. रोज कोणीतरी ओरडणारा क्लायंट, रोज बदलणारी रिक्वायरमेंट, प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेतली तर माणूस जगणार कसा, म्हणून मन हळूहळू एक पाऊल मागे घेतं. दोन महिने बरं वाटतं, "मी आता इमोशनली इन्व्हॉल्व होतच नाही" असं अभिमानाने सांगता पण येतं. मग कळतं की मन फक्त त्रासापासून मागे सरकलेलं नाही, आनंदापासून पण सरकलंय, प्रोजेक्ट लाइव्ह गेला, कौतुकाची मेल आली, आणि आपल्याला काहीही वाटलं नाही, फक्त ती मेल आर्काइव्ह केली.

मला दिसलेल्या खुणा सांगते, यात शास्त्र वगैरे नाही, फक्त निरीक्षण आहे. उत्तरं आखूड होत जातात, चार ओळी लिहिणारा "नोटेड" वर येतो. वाद बंद होतात, हे मॅनेजरला सगळ्यात सुखाचं वाटतं आणि सगळ्यात धोक्याचं असतं. विनोद करायचा स्वभाव असेल तर विनोद चालूच राहतात पण ते बोचरे होतात, सगळे कंपनीवर नाहीतर क्लायंटवर. नवीन आलेल्या मुलांना शिकवताना "अरे शिकून घे, मजा येईल" च्या जागी "होशील होशील, तू पण आमच्यासारखाच होशील" येतं. फोन वाजला की छातीत धस्स होतं आणि मग नाव बघून मुद्दाम वाजू दिला जातो. एकच मेल तीनदा उघडून बंद. बारीकसारीक कामांत दिवस घालवायचा, फाइलींची नावं बदल, टेबल आवर, मोठ्या कामाला हातच लागत नाही. रात्री झोप येत असून जागं राहायचं, कारण तेवढेच तास आपले, झोपलं की लगेच सकाळ. आणि घरी, हे फार महत्त्वाचं, घरच्यांनी साधं "कसा गेला दिवस" विचारलं तरी भडका.

यातलं एखादं सगळ्यांनाच अधूनमधून होतं, त्याने घाबरू नका. माझा स्वतःचा निकष असा की आपण आधी कसे होतो आणि आता कसे आहोत. जो पहिल्यापासून मितभाषी आहे त्याचं "नोटेड" हे नुसतं नोटेडच असतं.

अजून एक. परफॉर्मन्स बघून काही कळत नाही. जी माणसं वर्षानुवर्षं चांगलं काम करत आलेली असतात त्यांचे हात सवयीने चालत राहतात, डेडलाइन पाळल्या जातात, आकडे हिरवे, आणि एक दिवस राजीनामा येतो तेव्हा सगळे म्हणतात अचानक काय झालं. अचानक वगैरे काही नसतं. ज्याचं काम आधी ढासळतं तो निदान नजरेत तरी येतो.

मध्येच एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. प्रत्येक वेळी बर्नआउटच असेल असं नाही. थायरॉइड, रक्त कमी असणं, बी १२ कमी असणं, झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, या सगळ्यांत माणूस असाच मरगळलेला दिसतो, आणि साध्या तपासण्यांत यातलं बरंच काही कळतं, त्यामुळे "ऑफिसमुळेच होतंय" असं स्वतःच ठरवून बसू नका. डिप्रेशनशी तर याची इतकी सरमिसळ आहे की संशोधकांमध्येही दोन्ही कितपत वेगळी यावर वाद आहेत. ढोबळ फरक सांगायचा तर बर्नआउट निदान सुरुवातीला कामाभोवती फिरतं, कामापासून लांब गेल्यावर आवडत्या गोष्टीत थोडं तरी मन लागतं, डिप्रेशनमध्ये सगळीकडेच रंग उडालेला असतो, आवडती माणसं, आवडती गाणी, काहीच नको. पण हा फरक आपला आपण करायचा नाही, त्यासाठी डॉक्टर आहेत. आणि जगायलाच नको असे विचार येत असतील तर मग ही पोस्ट बाजूला ठेवा, आज, आत्ता जवळच्या कोणालातरी सांगा, डॉक्टरकडे जा, एकटं राहू नका. ते कामाच्या नियोजनाने सुटणारं नाही आणि त्यासाठी उद्याची वाट बघायची नाही.

बरं, आता करायचं काय.

लोक पहिल्यांदा सुट्टी सुचवतात. सुट्टी घ्या, जरूर घ्या, पण सुट्टीचा परिणाम मोजणाऱ्या अभ्यासांत परत परत हेच दिसलंय की बरं वाटतं आणि कामावर परतल्यावर काही आठवड्यांत ते ओसरतं. ओसरणारच ना, परत त्याच खुर्चीत, त्याच माणसांसमोर, वर साठलेल्या मेलचा डोंगर. तळाला भोक असलेल्या बादलीत पाणी ओतण्यातलाच प्रकार, ओतताना मात्र छान वाटतं. म्हणून भोक कुठे आहे ते आधी शोधायचं, आणि इथे मास्लाक आणि लायटर यांचंच एक काम मला फार उपयोगी पडलंय. त्यांनी १९९० च्या दशकात मांडलं की माणूस आणि काम यांचं सहा बाबतीत बिनसू शकतं, कामाचा बोजा, आपल्या कामावर आपला ताबा, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं.

बोज्याबद्दल सगळेच बोलतात आणि बोलायला हवंच, जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मिळून जो अंदाज काढला त्यानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांमध्ये, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका साधारण ३५ टक्क्यांनी जास्त आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. हा काही "थोडं अ‍ॅडजस्ट करू" म्हणायचा आकडा नाही. पण माझ्या बघण्यात जी माणसं तुटली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचे तास इतरांइतकेच होते. अडलं होतं दुसरीकडे.

ताब्याचंच उदाहरण घ्या. रॉबर्ट कॅरसेक नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्येच दाखवलं होतं की कामाची मागणी जास्त आणि निर्णयाचा अधिकार कमी ही जोडी सगळ्यात वाईट. नुसतं जास्त काम माणूस झेलतो, कधीकधी त्यात रमतो सुद्धा. पण जबाबदारी तुझी आणि निर्णय माझा, असं झालं की संपलं. कस्टमर केअरला बसलेली मुलगी हे रोज जगते, समोरच्या माणसाचा प्रश्न तिला कळलेला असतो, तो कसा सोडवायचा तेही माहीत असतं, पण रिफंडचं बटण तिच्या स्क्रीनवर नसतंच, ते कुठल्यातरी सुपरवायजरकडे, आणि शिव्या मात्र तिलाच. सहा महिन्यांत तिचा आवाज सपाट होतो. तिला मेडिटेशनचं अ‍ॅप देऊन काय होणार, ते बटण द्या.

न्याय हा तर असा विषय आहे की यावर कोणी उघड बोलतच नाही. पगार कमी आहे हे माणूस सहन करतो, शेजारच्याला त्याच कामाचे जास्त मिळतात हे कळलं की त्या दिवसापासून काहीतरी मोडतं. किंवा सुट्टीच्या दिवशी नेहमी त्याच दोघांना बोलावतात कारण ते नाही म्हणत नाहीत. चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस म्हणून आणखी काम, आणि टाळाटाळ करणाऱ्याला मोकळीक, कारण "त्याच्याकडे दिलं तर वेळेत होणार नाही". ही एक गोष्ट जितकी तुसडी माणसं तयार करते तितकी रात्रपाळी पण करत नसेल.

मूल्यांचं बिनसणं ओळखायला सगळ्यात अवघड. वरून सगळं छान असतं, पगार, माणसं, तास. फक्त रोज आपल्याला न पटणारी गोष्ट करायची असते. शिक्षकाला शिकवायचं असतं आणि दिवस रकाने भरण्यात जातो, सेल्सवाल्याला माहीत असतं की समोरच्याला या पॉलिसीची गरज नाही, डॉक्टरला पेशंटशी बोलायचं असतं आणि घड्याळ सांगतं पुढचा घ्या. बाकीच्या दोन्हींबद्दल मी इथे लांबड लावत नाही, ती वाचल्यावर ज्याची त्याला कळतात.

एका संध्याकाळी ही सहा नावं कागदावर लिहून प्रत्येकापुढे गेल्या महिन्यातला एकेक खरा प्रसंग लिहायचा, भावना नाही, प्रसंग. ज्यांना मी हे करायला लावलं त्यांच्यापैकी बहुतेकांच्या एक किंवा दोन रकान्यांतच गर्दी झाली आणि बाकीचे जवळपास रिकामे, आणि त्यातल्या एका जणीला तर तेवढ्यानेच बरं वाटलं, म्हणाली, "म्हणजे मला नोकरीचा नाही, या एका माणसाचाच त्रास आहे!" तिला सगळं सोडून द्यायचं होतं, लागलं फक्त डिपार्टमेंट बदलायला. अर्थात दरवेळी इतकं सोपं निघत नाही.

मग मॅनेजरशी बोलणं. इथे माझं मत थोडं वेगळं आहे, "मला बर्नआउट झालंय" या वाक्याने सुरुवात करू नका. मॅनेजर चांगला असेल तर काळजीत पडतो आणि तुम्हाला सुट्टी देतो, जी आपण वर बघितली, आणि चांगला नसेल तर तुमच्या नावापुढे मनात एक फुली मारतो. त्यापेक्षा यादी घेऊन जा. "सर, माझ्याकडे आत्ता ही अकरा कामं आहेत, यातली सात या महिन्यात नीट होतील, कोणती चार बाजूला ठेवू ते तुम्ही सांगा." किंवा ताब्याचा प्रश्न असेल तर, "या रकमेपर्यंतचं अप्रूव्हल माझ्याकडे द्या, महिनाभर बघू, जमलं नाही तर परत घ्या." मागणी जितकी छोटी आणि ठोस तितकी मिळायची शक्यता जास्त. आणि बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींची मेल, आपलं असं असं ठरलं म्हणून, नाहीतर पुढच्या आठवड्यात कोणाला काही आठवत नसतं.

मॅनेजरच कारण असेल तर? तर यादी वगैरेचा उपयोग मर्यादित आहे, उगाच खोटी आशा दाखवत नाही. टीम बदलता येते का बघा, नाहीतर बाहेर बघा, पण शक्यतो पुरते विझायच्या आधी, कारण इंटरव्ह्यू द्यायला पण उत्साह लागतो आणि या अवस्थेत तोच नसतो. आणि ज्यांना कर्ज, घर, आजारपण यामुळे लगेच सोडता येत नाही त्यांना "सोड ना मग" म्हणणाऱ्यांकडे सरळ दुर्लक्ष करा.

तोपर्यंत स्वतःसाठी जे करता येतं त्यातलं एकच मला मनापासून पटलंय, काम संपल्यावर कामातून मनाने बाहेर पडणं. साबिने सोनेनटाग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर वर्षानुवर्षं काम केलंय. शरीराने घरी आलो आणि डोक्यात मीटिंग चालू असेल तर विश्रांती होतच नाही. यातला वैताग असा की ज्याला याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच हे सगळ्यात कमी जमतं, ताण जितका जास्त तितकं डोकं कामाला चिकटून बसतं. तेव्हा "विचार करू नकोस" असं स्वतःला बजावून काही होत नाही, काहीतरी करावं लागतं. एक साधी युक्ती, झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याची आणि पुढच्या काही दिवसांची कामं कागदावर उतरवायची. २०१८ मध्ये अमेरिकेत एका प्रयोगात असं करणाऱ्यांना, झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली होती, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी लवकर. फोनवर नका लिहू, फोन हातात घेतला की मेल दिसणारच. आणि संध्याकाळी नुसतं पडून स्क्रोल करण्यापेक्षा ज्यात लक्ष घालावंच लागतं असं काहीतरी, वाद्य, पोहणं, बागकाम, लहान मुलांशी खेळणं, काहीही, सुरुवातीला नको वाटतं, त्रास देतं, तरी.

पण हे सगळं आपल्या वाट्याचं झालं, आणि आपल्या वाट्याचं एका मर्यादेपलीकडे पुरत नाही. २०१७ मध्ये डॉक्टरांच्या बर्नआउटवरचे वेगवेगळे प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा डॉक्टरांना एकेकट्याला काहीतरी शिकवण्यापेक्षा हॉस्पिटलने ड्युटीच्या वेळा, कामाची पद्धत बदलली की जास्त फरक पडलेला दिसला. आणि २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवर आधारलेल्या अभ्यासात ऑफिसचे वेलनेस अ‍ॅप, रेझिलियन्स ट्रेनिंग (ताण झेलायचं प्रशिक्षण) वगैरेंत भाग घेतलेले लोक न घेतलेल्यांपेक्षा काही बरे आढळले नाहीत, समाजकार्यात किंवा मदतीच्या कामात वेळ देणारे हा एक अपवाद. त्यामुळे पुढच्या वेळी एचआरकडून "स्ट्रेस मॅनेजमेंट वेबिनार, शनिवारी सकाळी" अशी मेल आली की मला हसू येतं ते उगाच नाही. शनिवारी, म्हणजे बघा.

जे मॅनेजर आहेत त्यांच्याशी दोन शब्द, मी पण तुमच्यातलीच. रात्री अकराला मेल लिहायची सवय असेल तर लिहा, पण शेड्यूल करून सकाळी जाऊ द्या, "लगेच रिप्लाय नको" असं खाली लिहिण्याने काही होत नाही कारण साहेबाचं नाव स्क्रीनवर दिसलं की पोटात गोळा आलेलाच असतो. सगळ्यांसमोर "हा बघा, वर्षभरात एक रजा नाही" असं कौतुक करणं बंद करा. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काला उत्तर न देण्याबद्दल कायदा आहे, चांगलं आहे, पण कायदा असो नसो, टीमला उत्तर द्यावंसं वाटतं का द्यावंच लागतं हे मॅनेजरच्या वागण्यावरून ठरतं. आणि जो वाद घालायचा थांबलाय त्याला बाजूला घेऊन "बरा आहेस ना" असं विचारू नका, उत्तर "हो बरा आहे" हेच येणार. त्यापेक्षा "या कामातली कुठली गोष्ट तुझ्या हातात असती तर तू उद्याच बंद केली असतीस?" हे विचारा. माझा अनुभव असा की पहिल्यांदा खांदे उडवतात, दुसऱ्यांदा विचारलं की बोलतात, आणि बोलले की त्यातलं निदान एक तरी खरंच बंद करा, नाहीतर तिसऱ्यांदा बोलणार नाहीत.

लांब रजेवरून कोणी परत येत असेल तर पहिला आठवडा जपा. बहुतेक ठिकाणी काय होतं, माणूस दोन महिन्यांनी येतो, सगळे "वेलकम बॅक" म्हणतात, आणि दुपारपर्यंत त्याच्याकडे सगळं जुनं काम, वर मधल्या काळात राहिलेलं. मग दोन आठवड्यांत गाडं मूळ पदावर आणि सगळे म्हणणार याला बर्नआउटमधून बाहेरच यायचं नाहीये. आधी थोडे तास, मग वाढवत न्यायचे, आणि ज्या रकान्यामुळे तो पडला होता त्यात काय बदललंय हे त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. काहीच बदललं नसेल तर ते पण खरं सांगा.

साठलेल्या मेलसाठी डाइमलर या जर्मन गाड्यांच्या कंपनीने २०१४ मध्ये भारी सोय केली होती. रजेवर असलेल्या कर्मचाऱ्याला हवं असेल तर त्या काळात येणारी मेल आपोआप डिलीट, आणि पाठवणाऱ्याला उत्तर जायचं की हा माणूस रजेवर आहे, तुमची मेल डिलीट होतेय, घाई असेल तर अमक्याशी बोला. मी आमच्याकडे हे सुचवलं तेव्हा लगेच प्रश्न आला, "पण एखादी महत्त्वाची मेल असली तर?" म्हटलं, महत्त्वाची असेल तर पाठवणारा परत पाठवेल की. त्यावर बराच वेळ चर्चा झाली, शेवटी डिलीट नाही पण मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये जाणार आणि आल्यावर तो उघडणं बंधनकारक नाही एवढ्यावर तडजोड झाली. आत्तापर्यंत बहुतेकांनी तो फोल्डर उघडलेला नाही आणि त्यावरून आमचं काही अडलेलंही नाही.